सत्तावीस फुटी व्हेलर आणि नाशिकची कोरडी हवा

२३ ऑगस्ट २०२२ रोजी मी गंगापूर रस्त्यावरच्या माझ्या जुन्या शाळेत भाच्याच्या दाखल्यातील जन्मतारखेची चूक दुरुस्त करून घेण्यासाठी गेले होते. लेखनिक शिक्का शोधत असताना त्यांच्या टेबलावरची निर्लेखनाची, म्हणजे वहीतून कमी करून टाकायच्या वस्तूंची, यादी मी सवयीने वाचू लागले. अंबडच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षे भांडार विभागात काम केल्यामुळे कुठलीही यादी दिसली की माझी नजर आपोआप ‘नग’ आणि ‘शेरा’ या रकान्यांकडे जाते. मोडकी बाके, गंजलेली कपाटे, दोन शिवणयंत्रे, आणि सतराव्या क्रमांकावर ‘नौदल बोट, लाकडी, जुनी, १ नग, किंमत निरंक, शेरा: निरुपयोगी’. वसतिगृहामागच्या या बोटीत बसून आम्ही मुली डबा खात असू. ती नौदलाकडून आलेली आहे हे मला माहीत होते, पण ती अजून आहे हे मात्र मी विसरून गेले होते.

तिथपासून ४ डिसेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे सव्वादोन वर्षे, आम्ही नऊ-दहा जणांनी मिळून ही बोट दुरुस्त केली आणि शाळेच्या छोट्या संग्रहालयासमोर प्रदर्शनासाठी उभी केली. आपल्या संस्थेत किंवा गावात अशी एखादी निवृत्त लष्करी वस्तू पडून असेल आणि ती वाचवावी असे कोणाला वाटत असेल, तर सुरुवात कोठून करावी हे कळावे म्हणून हा सगळा क्रम, आमच्या चुकांसकट, लिहून ठेवत आहे.

त्या दिवशी दाखला पिशवीत टाकून मी थेट वसतिगृहामागे गेले. पत्र्याच्या अर्धवट छपराखाली, चार दगडांवर, ती कलंडलेली होती. दोन्ही टोके निमुळती, लांबी सत्तावीस फूट, रुंदी सहा फूट, आत बसायला आडव्या पाच फळ्या. हिला नौदलात ‘व्हेलर’ म्हणतात. देवमाशांच्या शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या वल्ह्याच्या होड्यांवरून हा आकार आला आणि ब्रिटिश नौदलात ‘माँटेग्यू व्हेलर’ या नावाने रूढ झाला. पुढे आपल्या नौदलाने आणि छात्रसेनेच्या नौदल विभागाने तो प्रशिक्षणासाठी चालू ठेवला. वल्ही पाच असतात, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन. आता अशा नावा फायबरच्या असतात. आमची सागवानी होती, आणि तिच्या फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवून तांब्याच्या खिळ्यांनी जोडलेल्या होत्या. पुढच्या टोकाजवळच्या एका पितळी पट्टीवर क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे तेवढे वाचता येत होते. तळात पिंपळाचे रोप उगवले होते.

घरी येऊन मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे अर्ज लिहिला. भावनेच्या भरात फोन करत सुटण्यापेक्षा आवक क्रमांक पडलेला एक कागद हातात असणे फार उपयोगी ठरते. अर्जात तीनच मुद्दे होते: सतराव्या क्रमांकाची वस्तू यादीतून तूर्त वगळावी, तिची तपासणी करण्यास परवानगी मिळावी, आणि तपासणीचा खर्च संस्थेवर पडणार नाही. हा अर्ज २५ ऑगस्टला दिला. त्यावर निर्णय घेणारे कार्यकारी मंडळ तीन महिन्यांतून एकदा भरते, आणि भंगाराचा व्यवहार तर आधीच ठरून अनामत रक्कमही जमा झालेली होती. मी भंगारवाल्या चाचांना प्रत्यक्ष जाऊन भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाई, लाकूड मला नकोच आहे. त्यातलं तांबं तेवढं मी धरलं होतं.” त्या तांब्याच्या बदल्यात जुन्या पाण्याच्या टाकीचे लोखंडी पाइप यादीत घालावेत एवढीच त्यांची अट होती. मुख्याध्यापकांनी ती मान्य केली आणि बोट थांबली. या सबंध प्रकरणातला सर्वांत जलद निर्णय तोच होता.

ऑक्टोबरच्या बैठकीत विषय निघाला, पण ‘तज्ज्ञांचे पत्र जोडावे’ असा शेरा पडून पुढे ढकलला गेला. तज्ज्ञ कोठून आणायचा? नाशिकमध्ये तोफखान्याची माणसे देवळालीमुळे भरपूर भेटतात, विमानाची माणसे ओझरमुळे भेटतात, पण जहाजाचा सुतार मिळणे अवघड. माजी विद्यार्थ्यांच्या ओळखीतून शेवटी सिडकोत राहणारे एक गृहस्थ सापडले, ज्यांनी नौदलात शिपराइट म्हणून, म्हणजे जहाजावरच्या सुतारकामात, बावीस वर्षे काढली होती. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. त्यांनी बोटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खिशातल्या चाकूचे टोक जागोजागी लाकडात खुपसून पाहिले आणि पत्र देण्याआधी एक सल्ला दिला: “पाण्यातून बाहेर काढलेली नौका कशी राहते, ते आधी कुठेतरी बघून या. मग ठरवा.”

पाण्याबाहेर नसली, तरी संग्रहालय झालेली एक युद्धनौका मी पूर्वी पाहिली होती. विक्रांत ही विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त होऊन मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा मी मैत्रिणींबरोबर तिच्यावर जाऊन आले होते. २०१२ मध्ये ते संग्रहालय बंद झाले, २०१४ मध्ये नौका भंगारात विकली गेली आणि मुंबईतल्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तिची तोडणी झाली. विराट ही दुसरी विमानवाहू नौका २०१७ साली निवृत्त झाली आणि २०२० मध्ये तोडणीसाठी गुजरातमधल्या अलंगला गेली. एवढ्या मोठ्या नावांचे हे झाले, तर आमच्या एका व्हेलरचे काय, असा विचार मनात येत होताच. तरीही काकांचे ऐकून डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही दोघी विशाखापट्टणमला गेलो. तेथे किनाऱ्यावर कुरसुरा ही सोव्हिएत बनावटीची, सुमारे ९१ मीटर लांबीची पाणबुडी काँक्रीटच्या आधारांवर उभी आहे. १९६९ साली नौदलात दाखल झालेली ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून संग्रहालय म्हणून खुली आहे. आत फिरवून माहिती देणारे निवृत्त नौसैनिक आहेत, आणि खाऱ्या वाऱ्यामुळे रंगकाम व गंजाशी झगडा कायमचाच असतो, हे त्यांच्याशी बोलताना कळले. परतीच्या गाडीत मी हिशेब मांडला की आपल्याकडे खारा वारा नाही, गंजण्यासारखे लोखंड नाही, म्हणजे आपले काम सोपे. हा हिशेब किती चुकीचा होता, ते पुढच्या मे महिन्यात कळले.

जानेवारी २०२३ च्या बैठकीत परवानगीचा ठराव झाला. त्यानुसार आम्हा सर्वांना १०० रुपयांच्या मुद्रांकावर हमीपत्र द्यावे लागले: काम करताना इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही, बोटीची मालकी संस्थेचीच राहील, आणि काढलेला कोणताही भाग आवाराबाहेर नेताना नोंद करावी लागेल. तिसरी अट त्या वेळी जाचक वाटली, पण पुढे तिनेच आमची अब्रू राखली. पैशांचा प्रश्न असा सुटला की आम्ही स्वतंत्र वर्गणी काढलीच नाही. चार लोकांनी एकत्र येऊन वर्गणी गोळा करायची, तर गणेश मंडळांना लागते तशी धर्मादाय कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. त्याऐवजी देणग्या थेट संस्थेच्या खात्यात, संस्थेच्या पावतीवर, ‘बोट दुरुस्ती’ या शीर्षाखाली घेतल्या. बिल मंजूर व्हायला तीन-तीन आठवडे लागत, हा या सोयीचा तोटा.

फेब्रुवारी आणि मार्चचे रविवार नोंदी करण्यात गेले. प्रत्येक फळीला क्रमांक दिला, तोही कागदी चिकटपट्टीवर, कारण मार्करची शाई लाकडात उतरते. सुमारे सहाशे छायाचित्रे काढली. जुन्या दुरुस्त्या कळून आल्या: कोणीतरी कधीतरी तांब्याचे खिळे निखळलेल्या जागी लोखंडी खिळे ठोकले होते, आणि तांबे व लोखंड ओलाव्यात एकमेकांना लागून राहिल्याने लोखंड कुजून त्याभोवतीचे लाकूड काळे व भुसभुशीत झाले होते. अशा एकोणचाळीस जागा मिळाल्या. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांत ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर होते; त्यांना या नोंदी करण्याचे इतके बारकावे ठाऊक होते की आमची कच्ची वही त्यांनी तीन वेळा नव्याने लिहायला लावली.

रंग खरवडण्याआधी काकांनी एक गोष्ट निक्षून सांगितली होती. जुन्या नौदल बोटींच्या खालच्या थरात शेंदरी रंग असतो, आणि शेंदूर म्हणजे शिसे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगावर भरवसा ठेवू नये. आम्ही तीन ठिकाणचे नमुने खासगी प्रयोगशाळेत दिले. नऊ दिवसांनी अहवाल आला, आणि त्या तिन्हींत शिसे मर्यादेच्या कितीतरी पट होते. त्यामुळे विद्यार्थ्यांना कामात घ्यायचे नाही, रंग कोरडा घासायचा नाही, पाणी मारून ओलाच खरवडायचा, मुखपट्ट्या साध्या कापडी चालणार नाहीत, आणि निघालेली पापुद्र्यांची भुकटी ड्रममध्ये बंद करून घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत एजन्सीकडेच द्यायची, असे नियम आम्ही स्वतःला घालून घेतले. या एकाच बाबीवर ९ हजार ४०० रुपये गेले. ते वाचवावेत असे कोणालाही वाटेल. कृपा करून वाचवू नका.

आता आमच्या मोठ्या चुकीविषयी. एप्रिल २०२३ मध्ये काका मुलीकडे रत्नागिरीला गेले होते. शाळेला सुट्ट्या लागणार, आवार मोकळे मिळणार, म्हणून आम्ही उत्साहाने सलग पाच रविवार आणि मधल्या काही संध्याकाळी बसून बोटीची बाहेरची बाजू संपूर्ण खरवडून काढली. खालचे सागवान दिसू लागले, तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. गटावर छायाचित्रे गेली, कौतुक झाले. वरून पत्रा, खालून तापलेला मुरूम, आणि नाशिकचा मे महिना. आमच्या हे लक्षातच आले नाही की इतकी वर्षे त्या लाकडातला उरलासुरला ओलावा धरून ठेवणारा रंगाचा थर आम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकला होता. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण रुंदीत आकसते; आणि फळी दोन्ही कडांना खिळ्यांनी पक्की असेल, तर तिला आकसायला जागा राहत नाही, म्हणून ती फाटते. २१ मे रोजी सकाळी गेले, तेव्हा डाव्या बाजूच्या चौथ्या आणि पाचव्या फळीला खिळ्यांच्या ओळीतून उभी चीर गेलेली होती, एक जवळपास चार फूट लांब. दोन फळ्यांच्या सांध्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता. आदल्या रविवारपर्यंत तो दिसत नव्हता.

मी तेथेच बसून राहिले. निर्लेखनाच्या यादीत ती ‘निरुपयोगी’ होती, पण तिच्या फळ्या तरी शाबूत होत्या.

काका जूनच्या पहिल्या आठवड्यात परतले. ते रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी सांध्यात बोट घालून पाहिले, ते आरपार गेले, तेव्हा नुसते म्हणाले, “उन्हाळा लागला हिला.” मग खाली बसून त्यांनी आम्हाला जे समजावले ते आधीच विचारायला हवे होते. लाकडी नाव पाण्यात असते तेव्हा फळ्या फुगून एकमेकींना घट्ट दाबून धरतात, आणि त्या दाबानेच पाणी बाहेर राहते. समुद्रापासून दूर, कोरड्या हवेत ठेवलेल्या नावेचा शत्रू पाणी नसते, पाण्याचा अभाव असतो. आमच्यापैकी एकाने एपॉक्सीची, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट रसायनाची, लुगदी भरून सांधे बुजवू, असे सुचवले. काकांनी ठाम नकार दिला, कारण पावसाळ्यात फळ्या पुन्हा फुगल्या की कडक झालेली लुगदी सांधा उलट उचकटून टाकते आणि खिळे उपसले जातात. एकीवर एक चढवलेल्या फळ्यांच्या सांध्यात काहीही ठासायचे नसते. तो सांधा नीट बसलेल्या खिळ्यांवर आणि लाकडाच्या ओलाव्यावर टिकतो.

पुढचे चार महिने आम्ही हत्याराला हात लावला नाही. भद्रकालीतून जुनी गोणपाटे आणून ती भिजवून बोटीच्या आत आणि बाहेर पांघरली, आणि दिवसातून दोनदा पाणी मारण्याची पाळी लावली; सकाळची पाळी वसतिगृहाच्या रखवालदार मामांनी आपणहून घेतली. एकदम बादल्या ओतायच्या नाहीत, असे काकांनी बजावले होते. २ हजार ८०० रुपयांचे ओलावा मोजण्याचे यंत्र घेतले. पहिल्या दिवशी फळ्यांमध्ये ६ ते ७ टक्के ओल दाखवली गेली, गणपतीपर्यंत ती १४ च्या आसपास आली. सांध्यांतला उजेड हळूहळू बारीक झाला आणि सप्टेंबरअखेर बहुतेक ठिकाणी दिसेनासा झाला. चिरलेल्या दोन फळ्या मात्र जुळल्या नाहीत. त्या बदलाव्या लागल्या, आणि आमच्या वहीत त्यांच्यापुढे कारण म्हणून ‘स्वयंसेवकांची चूक, मे २०२३’ असेच लिहिलेले आहे. वाटेत दोघांनी गट सोडला. त्यांना दोष देता येत नाही. ओली गोणपाटे हलवण्यासाठी रविवार द्यावा, असे कोणाला वाटेल?

या सक्तीच्या विश्रांतीत सामानाची जमवाजमव झाली. साग पंचवटीतल्या वखारीतून घेतला. वखारीचे बिल आणि वाहतूक परवाना दोन्ही मागून घ्यावेत, कारण संस्थेच्या लेखापरीक्षकांनी सर्वांत आधी तेच मागितले. आतल्या वाकवलेल्या बरगड्यांपैकी सात मोडल्या होत्या. त्यांच्यासाठी काकांनी धामणीचे लाकूड सुचवले, जे आपल्याकडे कावडीसाठी आणि हत्यारांच्या दांड्यांसाठी वापरतात आणि जे वाकते पण सहज मोडत नाही. तांब्याचे चौकोनी खिळे मुंबईत दारूखान्यातल्या एका दुकानात मिळाले. विक्रांत जिथे तोडली गेली, तिथूनच आपण एका बोटीसाठी खिळे नेत आहोत, हे मला गोदामाच्या पायऱ्या उतरताना लक्षात आले.

खिळ्यांबरोबर लागणाऱ्या वाटीसारख्या छोट्या चकत्या मात्र तेथे नव्हत्या. त्यांना ‘रोव्ह’ म्हणतात. त्यांच्यासाठी फार लांब जावे लागले नाही, कारण आपल्या नाशकात तांबट आहेत. जुन्या नाशकातल्या एका कारागिरांना मी काकांकडची नमुन्याची चकती दाखवली. त्यांनी पत्र्यातून टिकल्या कापल्या, खोलगट साच्यात एकेक ठोकून वाटी केली आणि मधोमध भोक पाडले. पहिल्या दोनशे चकत्या आम्ही परत केल्या, कारण भोक अगदी किंचित मोठे होते आणि चकती खिळ्यावर स्वतःहून अडकून राहत नव्हती. ते हसले. “ताई, घागरीला अर्धा सूत इकडेतिकडे चालतं. याला नाही चालत.” त्या दोनशे वितळवून त्यांनी पुन्हा नव्याने करून दिल्या आणि मजुरी एकदाचीच घेतली. खिळे आणि चकत्या मिळून २३ हजार ७०० रुपये झाले.

प्रत्यक्ष ठोकाठोकी ५ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झाली, आणि सगळ्या कामात मला सर्वांत आवडला तो हाच भाग. त्याला दोन माणसे लागतात. बाहेरच्या माणसाने भोकातून खिळा ठोकून त्याच्या डोक्यावर दोन-अडीच किलोचा लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. आतल्या माणसाने बाहेर आलेल्या टोकावर चकती बसवायची, पोकळ पंचने ती लाकडापर्यंत खाली दाबायची, जास्तीचे टोक चिमट्याने कापून खिळ्याच्या जाडीइतकेच ठेवायचे आणि गोल डोक्याच्या हातोडीने हलके हलके ठोके देत ते चकतीवर पसरवायचे. जोर लावला, तर खिळा लाकडातच वाकतो आणि वरून सारे ठीक दिसते. दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही, मध्ये फळी असते, त्यामुळे सगळा व्यवहार हाताला जाणवणाऱ्या ठोक्यांवर चालतो. सुरुवातीला ठोका बद्द येतो. चकती बसत आली की आवाज बदलून खणखणीत होतो आणि बाहेर ठोकळा धरलेल्या मनगटाला एक स्वच्छ झटका बसतो. मग आतून दोनदा टकटक, म्हणजे पुढचा खिळा. पहिल्या रविवारी आमचे अकरा खिळे झाले आणि त्यातले चार काकांनी काढायला लावले. जानेवारीपर्यंत आम्ही दिवसाला चाळीसपर्यंत पोहोचलो. एकूण ४३० खिळे बदलले गेले. बाकीचे, ज्यांनी स्वतः दगा दिला नव्हता, ते जुनेच ठेवले.

बरगड्या वाकवण्यासाठी वाफ लागते. लाकडी लांब पेटीत पट्ट्या ठेवून त्यात एका जुन्या तांब्याच्या बंबातली वाफ सोडली. इंचभर जाडीला एक तास, असा सर्वसाधारण हिशेब असतो. आमच्या पाऊण इंची पट्ट्यांना पाऊण तास. पेटीतून काढल्यावर मिनिटभराच्या आत ती जागेवर वाकवून दाबावी लागते, नाहीतर ती थंड होऊन हट्टी होते. नऊ पट्ट्यांपैकी दोन मोडल्या, सात बसल्या. वाफेची पेटी कधीही पूर्ण बंद करू नये, एका टोकाला फडक्याचा सैल बोळा ठेवावा. नव्या प्रत्येक फळीच्या आणि बरगडीच्या आतल्या बाजूला आम्ही ‘२०२४’ असा शिक्का ठोकला आहे, म्हणजे उद्या कोणी अभ्यासाला आले, तर नवे कोणते आणि नौदलाचे कोणते याचा घोळ होणार नाही.

रंगावरून वाद झाला. खरवडताना वरचा राखाडी, त्याखाली पांढरा, त्याखाली शेंदरी असे थर मिळाले होते. कोणाला पांढरी हवी होती, कोणाला चकचकीत पॉलिश केलेले सागवान. शेवटी असे ठरले की नौदलाने ती ज्या रंगात दिली असावी तो, म्हणजे वरचा राखाडीच द्यायचा, आणि उजव्या बाजूला आतून तळहाताएवढा एक चौकोन अजिबात न खरवडता, काच लावून, जसाच्या तसा ठेवायचा. त्याआधी गरम केलेल्या जवसाच्या तेलाचे टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेले चार हात आतून-बाहेरून दिले, प्रत्येक हातानंतर दहा दिवस थांबून. तेलाचे बोळे ढीग करून ठेवू नयेत, ते आपोआप पेट घेतात. आम्ही ते पाण्याच्या बादलीत टाकत असू.

मधल्या काळात काही माजी विद्यार्थ्यांनी, नौदल दिनी ही बोट गंगापूर धरणात उतरवावी, असा आग्रह धरला. कल्पना मोहक होती. मी त्यासाठी पाटबंधारे कार्यालयात चौकशीही करून आले. पण एका दिवसासाठी भिजवून पुन्हा कोरड्या हवेत ठेवली, तर मे महिन्याचा प्रकार नव्याने घडला असता, म्हणून हे नको असे काकांचे मत पडले, आणि या वेळी आम्ही त्यांचे ऐकले. दोन देणगीदार यावर नाराज झाले. एकाने देणगी परत मागितली आणि संस्थेने ती परत केलीही.

त्या पैशांवाचून छपराचे काम मात्र महिनाभर लांबले. छप्पर हाच सर्वांत मोठा खर्च ठरला, ५८ हजार रुपये. पत्र्याऐवजी जुनी मंगलोरी कौले, पश्चिमेकडून बांबूचे तट्टे, खाली मुरमाऐवजी वाळू, जिच्यावर उन्हाळ्यात पाणी मारता येते. बोट आता दगडांवर नाही, तिच्या पोटाच्या आकारात कापलेल्या चार लाकडी आधारांवर आहे. सुतार मेस्तरींची अडतीस दिवसांची मजुरी धरून एकूण खर्च १ लाख ७७ हजार रुपये झाला. जमा १ लाख ९२ हजार ५०० होते, उरलेले देखभालीसाठी त्याच शीर्षाखाली ठेवले आहेत.

१९७१ च्या युद्धात कराचीवर झालेल्या हल्ल्याच्या स्मरणार्थ ४ डिसेंबर हा नौदल दिन पाळला जातो, म्हणून त्याच दिवशी, २०२४ साली, बोट पाहण्यासाठी खुली झाली. भाषणे थोडक्यात आटोपली. काका पहिल्या रांगेत बसले नाहीत. ते बोटीच्या मागे उभे राहून चौथ्या फळीवरून बोट फिरवत होते.

पुढच्या आठवड्यात मी जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नवी नोंद करून घ्यायला गेले, कारण निर्लेखनाच्या यादीतून वगळलेली वस्तू परत वहीवर चढवली नाही, तर पुढच्या पडताळणीत ती पुन्हा भंगारातच निघणार. लेखनिकांनी किंमत विचारली. दुरुस्तीचा खर्च म्हणजे किंमत नव्हे, असे मी सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार करून पुन्हा ‘निरंक’ लिहिले. शेरा या रकान्यात काय लिहू, असे विचारून त्यांनी पेन थांबवले. मी सांगत गेले आणि त्यांनी लिहून घेतले: ‘दर मार्च व ऑक्टोबरमध्ये तेल द्यावे. ओल १० टक्क्यांखाली गेल्यास वाळूवर पाणी मारावे व गोणपाट पांघरावे. रंग खरवडू नये.’